केंद्राच्या निधीतील दुबार खर्च शोधताना या चुका टाळा

केंद्र सरकारचा पैसा वाया जातो, असे म्हणणे सोपे आहे. तो नेमका कोठे दोनदा खर्च होतो हे दाखवणे कठीण आहे, कारण प्रत्येक खाते केवळ आपल्याच योजनेचा हिशेब तपासते.

म्हणूनच योजनेच्या नावाने हिशेब पाहणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. तो जागेनुसार पाहावा. कोकणातील नळपाणी योजना घ्या. २००९ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम आला आणि २०१९ मध्ये जलजीवन मिशन. महाराष्ट्रात त्याचा निम्मा खर्च केंद्राचा. जुन्या योजनेची दुरुस्ती व क्षमतावाढ करण्याची मुभा मिशनमध्येच असताना, वाडीतील सुस्थितीतल्या टाकीशेजारी नवी टाकी अंदाजपत्रकात धरली गेली, तर मे महिन्यात दोन्ही कोरड्याच राहतील, कारण खरी अडचण टाकीची नसून जांभ्या दगडाच्या सड्यावरून (उघड्या खडकाळ पठारावरून) पावसाळा ओसरताच वाहून जाणाऱ्या पाण्याची आणि आटणाऱ्या विहिरीची आहे. ग्रामसभेत नवा आराखडा येण्यापूर्वी जुन्या विहिरी, टाक्या व जलवाहिन्यांची यादी, बांधकामाचे वर्ष आणि निधीचा स्रोत यांसह अवश्य मागावी.

उलट चूकही होते. एका कामावर दोन योजनांचा पैसा दिसला म्हणजे तो दुबार खर्च, असे नव्हे. मासेमारी बंदरासाठी बंदरविकासाची सागरमाला आणि मत्स्यव्यवसायाची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना या केंद्राच्या दोन्ही योजनांतून निधी मिळू शकतो. एकीतून धक्का आणि दुसरीतून लिलावगृह झाले, तर तो योग्य मेळ आहे. तोच गाळउपसा दोन्ही अंदाजपत्रकांत असेल, तर मात्र आक्षेप घ्यावा.

उपयोगिता प्रमाणपत्रावर थांबू नये. ते खर्च झाल्याचे सांगते, काम टिकल्याचे नाही. दुबार वाटणाऱ्या दोन्ही कामांची मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) माहिती अधिकारात आणि ठिकाणाचा गट क्रमांक मागावा.

मार्चकडेही लक्ष हवे. अखेरच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के खर्चाची मर्यादा केंद्रीय वित्त मंत्रालयाने घातली, ती वर्षअखेरीस निधी संपवण्याच्या घाईला आवरण्यासाठी. कोकणात जूनमध्ये पाऊस सुरू होतो, त्यामुळे मार्चअखेर मंजूर झालेल्या रस्त्याला हाती जेमतेम दोन महिने उरतात.

काटकसर म्हणून सरसकट कपात मागणे हीदेखील चूकच आहे, कारण तिचा पहिला घाव देखभालीवर बसतो आणि पंपाची वेळेवर दुरुस्ती न झाल्याने काही वर्षांतच त्याच वाडीसाठी संपूर्ण नवी योजना मागावी लागते.