सुई आपापली, पण पाणी कुणाचं?

"मी कुणाची सुई घेत नाही, कुणाला देत नाही," असं खरेपणाने सांगणाऱ्या, सुईने नशा करणाऱ्यालाही हिपॅटायटिस सी (रक्तातून पसरणारा, लिव्हरचा विषाणूजन्य आजार) होऊ शकतो. वाट असते पाण्याची. टोचून झालं की सिरिंजमध्ये थोडं रक्त उरतंच. ती ग्लासात धुतली की रक्त ग्लासात. त्याच पाण्यात दुसऱ्याने माल विरघळवला की विषाणू त्याच्या कोऱ्या सिरिंजमध्ये. पाणी स्वच्छच दिसतं, म्हणून शंका येत नाही. प्रयोगशाळेत हा विषाणू सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत टिकलेला आढळला आहे.

म्हणून पाणी, चमचा, कापूस, दंडाला बांधायचा पट्टा, सगळं ज्याचं त्याचं. माल वाटायचाच असेल तर कोऱ्या सिरिंजने, कुणीही टोचण्याआधी. सिरिंज शक्यतो इन्सुलिनची, सुई पक्की बसवलेली घ्या. सुटी सुई लावायच्या सिरिंजमध्ये दट्ट्या तळापर्यंत दाबला तरी जास्त रक्त राहतं. ब्लीचने धुणं हा नाइलाजाचा उपाय, त्यावर विसंबू नका. नॅकोच्या (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या) टीआय, म्हणजे जास्त धोका असलेल्यांसाठीच्या प्रकल्पांत नव्या सिरिंज मोफत मिळतात, वापरलेल्या परत घेतात.

चुकून दुसऱ्याची सुई वापरली गेली? सरकारी रुग्णालयात लगेच जा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. एचआयव्हीची माहिती १०९७ वर मिळते. हिपॅटायटिस बीची लस (०, १ आणि ६ महिने) घेऊन टाका. सीवर लस नाही.

सीच्या रॅपिड टेस्टमध्ये फक्त अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं) कळतात, आणि त्या तयार व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात. पॉझिटिव्ह आली की व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू आहे का आणि किती, हे सांगणारी तपासणी कराच. काहींच्या शरीरातून विषाणू आपोआप गेलेला असतो. पण रॅपिड टेस्टनंतरच बरेच जण थांबतात, आणि विषाणू उरलेला असेल तर लिव्हर मुकाट्याने खराब होत राहतं.

राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात २०१८ पासून उपचार मोफत आहेत. लिव्हर सिरोसिस (लिव्हर कायमचं खराब होऊन कडक होणं) नसेल तर साधारणपणे सोफोसबुविर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटासविर ६० मिग्रॅ, रोज एकदा, १२ आठवडे. आधी हिपॅटायटिस बी तपासून घ्या, कारण उपचारात तो उसळू शकतो. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. तिच्यामुळे या गोळ्यांचा असर घटतो. नशा सुटलेली नाही म्हणून कुणी उपचार नाकारले तर ऐकून घेऊ नका. तशी अट नाही.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड. तो निल आला की बरे झालात, पण अँटीबॉडी पुढेही पॉझिटिव्हच दिसतात आणि लागण पुन्हा होऊ शकते. पुढच्या प्रत्येक वेळी थेट व्हायरल लोडच मागा आणि हा रिपोर्ट सोबत न्या.