परिच्छेद आधी कात्रीनं, मग पेन्सिलीनं

मी चौथीला इंग्रजी शिकवते. ‘माझं मांजर’ यावर इंग्रजीत एक परिच्छेद लिहा म्हटलं की वहीत साधारण असं येतं: ‘आय हॅव अ कॅट. माय कॅट इज व्हाइट. माय ब्रदर हॅज अ सायकल. माय कॅट हॅज टू आइज. आय लाइक माय कॅट.’ प्रत्येक वाक्य बरोबर, स्पेलिंगही बरोबर. पण ही यादी झाली, परिच्छेद नाही. कुठलंही वाक्य उचलून कुठंही ठेवा, काही फरक पडत नाही. यादी ओळखायची हीच खूण.

मी बरीच वर्षं अशा वह्या लाल पेनानं तपासत राहिले. क्रियापदं सुधारली, स्पेलिंगं सुधारली, आणि पुढच्या वेळी पुन्हा यादीच आली. मग लक्षात आलं, मूल इंग्रजीत अडत नाहीये. एका वाक्याचं दुसऱ्याशी नातं काय, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. आता मी आधी ते नातं शिकवते, आणि तेवढा वेळ पेन्सिल दप्तरातच राहते.

सुरुवात बोलण्यापासून, तीही मराठीत. ‘माझं मांजर’ हा विषय पाच-सहा वाक्यांसाठी फार मोठा आहे. म्हणून मी विचारते, ‘तुझ्या मांजराची एकच गोष्ट मला सांगायची असेल, तर कुठली सांगशील?’ एक मुलगी म्हणाली, ‘बाई, ते कुठंही झोपतं.’ झालं, परिच्छेद सापडला. पहिलं वाक्य ठरलं: ‘माय कॅट स्लीप्स इन फनी प्लेसेस.’

याला टॉपिक सेंटेन्स म्हणतात, पण मुलांना मी वेगळं सांगते. पहिलं वाक्य वाचणाऱ्याला शब्द देतं, आणि पुढच्या प्रत्येक वाक्यानं तो पाळायचा. शब्द देणं आणि पाळणं हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चांगलं कळतं. मग पुढचे प्रश्न मुलंच एकमेकांना विचारतात: कुठं झोपतं? कधी? तिथंच का? तू काय करतेस तेव्हा? या उत्तरांमधूनच पुढची वाक्यं निघतात.

आता कागदाच्या पट्ट्या. एका पट्टीवर एकच वाक्य. सगळ्या पट्ट्या बाकावर पसरायच्या, पहिल्या वाक्याची पट्टी वर ठेवायची आणि बाकीची एकेक उचलून विचारायचं, ‘हिनं शब्द पाळला का?’ पाळला तर खाली लावायची, नाहीतर बाजूला. त्या मुलीच्या हातात भावाच्या सायकलची पट्टी आली. ती बराच वेळ तशीच धरून बसली. वाक्य चुकलेलं नव्हतं आणि तिला ते आवडतही होतं. अशा वेळी ‘टाकून दे’ म्हणू नका. प्रत्येक मुलाच्या वहीला मागच्या बाजूनं एक पाकीट चिकटवलेलं असतं. बाजूला काढलेली पट्टी त्यात जाते. वाक्य जपून ठेवायचंय म्हटल्यावर मूल ते आनंदानं सोडतं. माझ्या मते संपूर्ण शिकवण्यातली ही सगळ्यात मोलाची पाच मिनिटं.

उरलेल्या पट्ट्यांचा क्रम लावायचा. तिनं सकाळ, दुपार, रात्र असा लावला. मग जोडणारे शब्द. एका वेळी दोनच द्या, मोठी यादी भिंतीवर लावली की मुलं ती जशीच्या तशी वाक्यांना चिकटवतात. मी ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांनी सुरुवात करते. मराठीतले ‘कारण’ आणि ‘म्हणून’ वाक्यात बहुधा याच जागी येतात, त्यामुळे मूल बिचकत नाही; शिवाय ‘बिकॉज’ लिहिलं की कारण शोधावंच लागतं. ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘आफ्टर दॅट’ हे नंतर, आणि खरोखर एकामागून एक घडणाऱ्या गोष्टींसाठीच.

शेवटचं वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत ‘आय लव्ह माय कॅट’ असतं. ते खोडू नका. एवढंच विचारा, ‘मग तू काय करतेस?’ तिचा परिच्छेद शेवटी असा झाला:

‘माय कॅट स्लीप्स इन फनी प्लेसेस. इन द मॉर्निंग, शी स्लीप्स इन माय स्कूल बॅग, सो आय कॅनॉट टेक माय बुक्स आउट. इन द आफ्टरनून, शी स्लीप्स ऑन माय फादर्स शर्ट बिकॉज इट इज सॉफ्ट. अ‍ॅट नाइट, शी स्लीप्स ऑन माय फीट. आय नेव्हर वेक हर अप.’

पट्ट्या वहीत उतरवण्याआधी एक चाचणी जरूर घ्या. पट्ट्या पिसून शेजारच्या मुलाला द्यायच्या. त्याला क्रम परत लावता आला, तर परिच्छेद घट्ट आहे. नाही आला, तर कुठला दुवा सुटलाय ते दोघं मिळून शोधतात.

वहीत उतरवताना पहिली ओळ थोडी आत सरकवून सुरू करायची आणि पुढची वाक्यं सलग लिहायची. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घेतलं की पुन्हा यादी दिसायला लागते.

भाषेच्या चुका यानंतर, आणि एका फेरीत एकाच प्रकारच्या. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसतं, म्हणून कॅपिटल अक्षर आणि पूर्णविराम यांची फेरी वेगळी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘शी माय बॅग इन स्लीप्स’ असं होतं. तिथं ‘कोण, काय करतं, कुठं’ हा क्रम बोटांवर मोजून म्हणून घ्या. तिसरी फेरी सर्वनामांची. आपल्याकडे खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’, म्हणून मूल खुर्चीलाही ‘शी’ लिहितं. प्रत्येक ‘शी’, ‘ही’, ‘इट’ला गोल करून तो कुणाबद्दल आहे तिथपर्यंत रेघ ओढायला सांगा. रेघ कुठंच पोचली नाही, तर तिथं नाव हवं.

एका परिच्छेदाला मी चार तास देते: बोलणं, पट्ट्या, उतरवणं, सुधारणं. पहिला परिच्छेद मात्र सगळ्या वर्गानं मिळून फळ्यावर करायचा, आणि त्यातलं एक चांगलं वाक्य बाईंनी स्वतः, कारण सांगून, पुसायचं. बाईंना पुसताना बघितलं की मुलांना पट्टी बाजूला काढायचा धीर येतो. दुसरीच्या मुलांना तीन वाक्यं पुरे. जी मुलं अडतात त्यांना वाक्याची सुरुवात लिहिलेल्या पट्ट्या द्या आणि दर वेळी एक कमी करत जा.

तीन आठवड्यांनी नवा विषय निवडायचा होता. त्या मुलीनं वहीमागचं पाकीट उघडलं, सायकलची पट्टी काढून बाकावर ठेवली आणि तिच्या वरच्या बाजूला नवीन पट्टी लिहून ठेवली: ‘माय ब्रदर डज नॉट लेट मी टच हिज सायकल.’