ॲल्युमिनियमच्या बोटीला ट्रेलरवर आधार कसा द्यावा

मिनेसोटात तळ्यांवरचा बर्फ साधारण एप्रिलमध्ये वितळतो आणि ऑक्टोबर सरता सरता बोटी पुन्हा पाण्याबाहेर निघतात, म्हणजे इथली मासेमारीची छोटी बोट वर्षातले निम्मे दिवस तरी ट्रेलरवरच काढते. पाण्यात असताना तिचे वजन तळाच्या साऱ्या पृष्ठभागावर पसरलेले असते. ट्रेलरवर तेच वजन कार्पेट गुंडाळलेल्या दोन लांब लाकडी पट्ट्यांवर, म्हणजे बंकांवर येते. तळाचा पत्रा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे बंक कुठे आहेत, किती लांब आहेत आणि कोणत्या कोनात टेकले आहेत यावर बोटीचा आकार टिकतो की बिघडतो हे ठरते.

कोकणात पावसाळ्यातील मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा वजन पठाणावर, म्हणजे तळाच्या मधल्या जाड लाकडी कण्यावर घेतले जाते आणि बाजूचे टेकू होडी कलू नये एवढ्यापुरतेच असतात. ॲल्युमिनियमच्या बंक ट्रेलरवर हे गणित बरेचसे उलटे होते. मधली कील, म्हणजे तळाचा कणा, रोलरवर टेकत असली तरी मागच्या भागाचे मुख्य वजन बंकांनीच पेलायचे असते, कारण इंजिन, बॅटरी आणि बहुतेक वेळा पेट्रोलची टाकीही तिथेच असते.

म्हणून सर्वांत आधी बोटीची मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम पाहावा. बंकाचे टोक ट्रान्समच्या अगदी रेषेत किंवा त्याच्या मागे एखादा इंच आलेले असावे. आत कधीही नसावे. माझी सोळा फुटांची रिव्हेटची बोट मी जुनी विकत घेतली तेव्हा तिचे बंक ट्रान्समच्या आठ इंच आधी संपत होते आणि पन्नास अश्वशक्तीचे, शंभर किलोहून जड इंजिन त्या अधांतरी भागावर काही वर्षे लटकलेले होते. चार फुटांची सरळ पट्टी कीलच्या बाजूला, तिला समांतर धरून तळाला लावली तेव्हा दोन्ही टोके टेकली आणि मध्ये उजेडाची बारीक फट दिसली. मागचा भाग खाली वाकून तळाला खोलगट बाक आला होता. असा बाक वेगात मागची बाजू उचलतो, नाक पाण्यात दाबतो आणि बोट पाणी नांगरत चालते. इंजिनचे ट्रिम, म्हणजे त्याचा मागे-पुढे कल, कितीही बदलले तरी हा दोष पूर्णपणे झाकला जात नाही. जुनी बोट घेताना ही पट्टीची परीक्षा आवर्जून करावी.

लांबी ठरली की आडवी जागा ठरवावी. बोटीच्या आत लांबीच्या दिशेने आधारपट्ट्या असतील तर त्यांची कीलपासूनची अंतरे मोजून तीच बाहेरून तळावर खडूने आखावीत आणि बंक शक्यतो त्या रेषांखाली आणावेत. आत फक्त आडव्या फासळ्या असतील तर बंक जितक्या अधिक फासळ्या ओलांडेल तितके चांगले, आणि त्यासाठी लांब बंक हवा. तळाच्या बाहेर उठलेल्या कडा बंकावर चढू नयेत आणि रिव्हेटची रांग बंकाच्या काठावर येऊ नये, कारण तेवढ्याच चिंचोळ्या जागी भार एकवटतो आणि रिव्हेट सैल होऊन पाणी झिरपू लागते. सोनारचा, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, सेन्सर ट्रान्समच्या खाली उतरत असेल तर तो बंकाच्या वाटेत नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

बंक बरेच सरकवायचे असतील तर मापे लिहून घ्यावीत, बोट पाण्यात उतरवून धक्क्याला बांधावी आणि मोकळ्या ट्रेलरवर शांतपणे काम करावे. थोडाच फरक करायचा असेल तर घरीही जमते. सपाट, टणक जमिनीवर ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून अटकाव लावावा, पुढचा विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढणाऱ्या चरखीचा, पट्टा ताणलेलाच ठेवावा आणि कील व ट्रान्सम जिथे मिळतात त्या मजबूत जागी जाड लाकडी ठोकळा ठेवून जॅकने बोट इंचभरच उचलावी. मोकळ्या पत्र्याला जॅक कधीही लावू नये. बोट उचलल्याबरोबर दोन्ही बाजूंना भक्कम ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर बोटीखाली हातसुद्धा घालू नये.

आता बंक चौकटीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे नट सैल करून दोन्ही बंक चौकटीपासून सारख्या उंचीवर आणावेत. बंक ज्या बोल्टभोवती कलतो तो बोल्ट हातानेच घट्ट करून सोडावा आणि बोट हळूहळू खाली घ्यावी, म्हणजे तळाचा उतार बंक आपोआप घेतो आणि त्याची रुंद बाजू पत्र्याला पूर्ण टेकते. मगच पाना लावावा. बंक आपल्या मनाने कोनात घट्ट करून त्यावर बोट टेकवली तर ती बंकाच्या एकाच धारेवर बसते, आणि ही चूक फार सर्रास होते. यानंतर साध्या कागदाचा कपटा बंक आणि तळ यांच्यामध्ये टोकापासून टोकापर्यंत सरकवून पाहावा: तो कुठेही सहज आत जाता कामा नये. कील आणि तिचा रोलर यांच्यामध्ये मात्र तो किंचित अडखळत सरकला पाहिजे. घट्ट अडकला तर रोलर एकाच बिंदूवर वजन घेत आहे असे समजून तो थोडा खाली करावा. ही तपासणी इंजिन, बॅटरी आणि नेहमीचे पेट्रोल बोटीत असतानाच करावी.

लाकडाच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. दुकानात मिळणारे हिरवट, कीड-वाळवी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेले लाकूड टिकाऊ असते, पण 2004 पासून अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा लाकडात मुख्यतः तांब्याचे क्षार असतात. ओल्या कार्पेटमधून ते तांबे ॲल्युमिनियमपर्यंत पोचते आणि पत्र्याला बारीक खड्डे पडतात. माझ्या जुन्या बंकांचे कार्पेट उचकटले तेव्हा तळावर त्याच रुंदीचा पांढऱ्या भुकटीचा पट्टा होता, आणि भुकटी पुसल्यावर नखाला लागतील असे खड्डे हाताला जाणवले. डग्लस फरसारखे प्रक्रिया न केलेले लाकूड घेऊन त्याला चारी बाजूंनी सीलर लावावा आणि काही वर्षांनी ते बदलण्याची तयारी ठेवावी. पत्र्यापेक्षा लाकूड स्वस्त असते. कार्पेटच्या स्टेपल स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात आणि त्या बंकाच्या खालच्या अंगालाच माराव्यात. बोल्टचे माथे लाकडात खोल बसवावेत, म्हणजे लाकूड झिजले तरी ते पत्र्याला लागणार नाहीत.

शेवटी पुढचा विंचचा खांब असा सरकवावा की नाक रबरी अटकावाला टेकल्यावर ट्रान्सम बंकाच्या टोकाशीच येईल. ट्रेलरच्या गाडीला जोडायच्या दांड्यावर एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार असावा; बोट आणि ट्रेलर मिळून 800 किलो असेल तर 40 ते 80 किलो, आणि तो घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतो. हा भार जास्त भरला म्हणून बोट मागे सरकवू नये, कारण त्याने ट्रान्सम पुन्हा अधांतरी राहतो. शक्य असेल तेव्हा एक्सल सरकवावा. मागच्या दोन्ही बांधायच्या पट्ट्यांनी ट्रान्सम बंकांवर आवळावा, नाहीतर रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला तो उचलून आपटत राहतो.

पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत. त्यानंतर बोट पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर वर आणला की कार्पेट नीट पाहावे. दबलेला ठसा बंकाच्या पूर्ण लांबीवर आणि रुंदीवर सारखा दिसला तर काम झाले. ठसा एकाच काठावर असेल किंवा पुढचा भाग फुगलेलाच राहिला असेल, तर तो ब्रॅकेट सैल करून पुन्हा कागदाचा कपटा हातात घ्यावा.