पहिला पंप मार्कर घेताय? आधी गॅसचं ठरवा, मग मार्करचं

गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्यातली बरीच पोरं ऑफिसच्या आउटिंगला लोणावळा-मुळशीकडच्या रिसॉर्टवर पेंटबॉल खेळून येतात, तिथं भाड्याचा सेमी-ऑटो मार्कर मिळतो, म्हणजे ट्रिगर दाबेल तसे लागोपाठ रंगाचे बॉल मारणारी बंदूक, पन्नास-शंभर बॉल पाच मिनिटांत उडतात आणि परत बॉल घ्यायला पैसे मोजत बसावं लागतं. मग कुणीतरी पंप मार्करचे व्हिडिओ बघतो, एक माणूस झाडामागून झाडामागे सरकतोय, एक गोळी, एक खेळाडू बाद, आणि लगेच प्रश्न येतो की दादा पहिला पंप कुठला घेऊ. माझं उत्तर दरवेळी तेच असतं, मॉडेलचं नाव शेवटी बघू, आधी सांग गॅस कुठून भरणार.

आधी थोडक्यात, पंप म्हणजे काय. दर गोळीमागे बॅरलखालचं हँडल मागं ओढून पुढं ढकलायचं, तेवढ्यात हॅमर (गॅसचा व्हॉल्व्ह ठोकणारा भाग) कॉक होतो, म्हणजे ताणून अडकतो, बॉल चेंबरमध्ये येतो आणि बोल्ट (बॉलमागचा दट्ट्या) बंद होतो. मग ट्रिगर. एका ओढीत एकच बॉल. 1981 च्या जूनमध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरला बारा जणांनी पहिला खेळ खेळला तो नेल्स्पॉट 007 घेऊन, ते तर झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायचं पिस्तूल होतं आणि तेही दर गोळीला हातानं कॉक करायला लागायचं. तो खेळ जिंकला रिची व्हाइट, एकही गोळी न झाडता. पंप खेळणाऱ्याला हे मनापासून पटतं, कारण यात जागा धरणं आणि वाट बघणं हेच अर्ध्याहून जास्त काम आहे.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका. पंप असल्यामुळे नेम आपोआप चांगला लागत नाही. नेम येतो चांगल्या ताज्या बॉलमधून, बॉल बॅरलला नीट बसण्यातून आणि दर गोळीला वेग सारखा राहण्यातून. पंपचा खरा फायदा असा की तुम्ही सावकाश मारता, विचार करून मारता, गॅस कमी जातो आणि दिवसभरात दोन-तीनशे बॉल पुरून उरतात.

आता गॅस. पर्याय दोनच, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) किंवा हाय प्रेशर हवा, आणि पुण्यात राहून दोन्हीची गणितं वेगळी आहेत.

सीओटू बाटलीत द्रव असतो, त्याची वाफ मार्कर वापरतो. वीस-बावीस डिग्रीला बाटलीतला दाब साडेआठशे पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास असतो आणि ऊन वाढेल तसा तो भराभर वर जातो. 31 डिग्रीच्या वर तर सीओटू द्रव म्हणून राहूच शकत नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा 38-40 ला असतो. म्हणजे सकाळी आठला क्रोनोवर (बॉलचा वेग मोजायचं यंत्र) 280 एफपीएस, म्हणजे सेकंदाला 280 फूट, सेट केलेला मार्कर दुपारी एकला 300 च्या वर मारू शकतो, आणि मैदानावर 300 एफपीएस म्हणजे सेकंदाला 91 मीटर ही बाहेरची मर्यादा धरतात. त्यामुळे उन्हाळ्यात सीओटूवर खेळणार असाल तर जेवणानंतर परत क्रोनो करा, यात आळस नको, समोरच्याच्या अंगावर वळ उठतात. बाटली उन्हात किंवा बंद गाडीत तर अजिबात ठेवायची नाही.

पण सीओटू आणि पंपची जोडी जमते हेही तितकंच खरं. सेमी-ऑटो धडाधड मारला की बाटली गार पडते, दाब पडतो, कधी द्रवच आत घुसतो आणि सील खराब होतात. पंपमध्ये दोन गोळ्यांत मुळातच वेळ जातो, त्यामुळे गॅसला सावरायला मिळतं. म्हणूनच 12 ग्रॅमची छोटी कार्ट्रिज वापरणारे पंप इतकी वर्षं टिकलेत, नीट ट्यून केलेल्या मार्करला एका कार्ट्रिजमध्ये तीस-एक गोळ्या होतात. फक्त सोडा सायफनची 8 ग्रॅमची कार्ट्रिज आणि सायकलच्या इन्फ्लेटरची आट्यांची कार्ट्रिज यात बसत नाहीत, ऑनलाइन मागवताना लोक हमखास तिथं फसतात.

हाय प्रेशर हवा सगळ्यात सरळ, दाब रेग्युलेटरमधून एकसारखा येतो, उन्हाचा फारसा त्रास नाही. अडचण भरण्याची आहे. 3000 पीएसआय म्हणजे जवळपास 207 बार, ही हवा टायरच्या दुकानात मिळत नाही. स्कूबाच्या बाटल्या भरणारा कॉम्प्रेसर लागतो, किंवा एअर रायफलवाले ज्यातून भरतात तसा. पुण्यात नेमबाजी करणारे कमी नाहीत, बालेवाडीला शूटिंग रेंजच आहे, कुणी ओळखीचं असेल तर विचारा, त्यांच्या रायफलींचे सिलिंडर साधारण 200 बारवर चालतात. मात्र त्यांचं कनेक्शन आणि पेंटबॉल बाटलीचा निपल (हवा भरायचं तोंड) वेगळे असतात, मध्ये अडॅप्टर लागतो आणि तो जाणकाराकडूनच जोडून घ्यायचा. बाटलीवर टेस्टची तारीख कोरलेली असते ती बघा, पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) करायची असते. परदेशातून बाटली मागवायचा विचार असेल तर सिलिंडरला पेसोची (स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता लागते, ऑफिस आपल्या नागपूरलाच आहे, आधी चौकशी करा, कस्टममध्ये अडकलेली बाटली सोडवणं सोपं नसतं. आणि हवेच्या निपलमध्ये तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-40 काहीही टाकायचं नाही. एवढ्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. हे वाक्य दोनदा वाचा.

कायद्याचं पण इथंच सांगून टाकतो. साध्या छऱ्याच्या एअर रायफलला 4.5 मिमी आणि 20 ज्यूलपर्यंत जी सूट आहे ती पेंटबॉलला लागू आहे असं धरून चालू नका, .68 इंचाचा मार्कर म्हणजे 17 मिमीहून मोठं बोअर (नळीचा व्यास). पैसे देण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा, विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्या, आणि "पार्सल येतं भावा, काही होत नाही" म्हणणाऱ्याचा नंबर डिलीट करा. घेतल्यावर तो वेताळ टेकडीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नदीपात्रात काढायचा नाही. लांबून बघणाऱ्याला ती बंदूकच दिसते आणि सकाळी फिरायला आलेल्या आजोबांच्या डोळ्यावर गॉगल नसतो. ने-आण करताना गॅस काढलेला, बॅरलवर कव्हर, बंद बॅगेत.

गॉगलवरून आठवलं. पैसे मोजके असतील तर आधी मास्क चांगला घ्या, मार्कर नंतर. पेंटबॉलचाच मास्क, एएसटीएम एफ1776 (पेंटबॉल मास्कचं अमेरिकन सुरक्षा मानक) लिहिलेला. बाइकचा गॉगल, वर्कशॉपचा चष्मा, जुन्या बाजारातला मिलिटरी गॉगल, यातलं काहीही चालत नाही, त्या वेगानं आलेला बॉल डोळा घेऊन जातो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मुळशीच्या बाजूला जी दमट हवा असते त्यात सिंगल काच दोन मिनिटांत धुरकटते, मग माणूस मैदानातच मास्क वर करतो आणि घात होतो. म्हणून डबल काचेची थर्मल लेन्सच घ्या. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा.

आता मार्कर. पंपात मोटामोटी दोन घराणी आहेत हे समजलं की निम्मा गोंधळ संपतो.

एक नेल्सन. सगळं एका नळीत, हॅमर, व्हॉल्व्ह, बोल्ट एका रांगेत. पार्ट कमी, वजन कमी, उघडून पुसून परत जोडणं सोपं. सीसीआय फँटम हा यातला सगळ्यात नावाजलेला, 12 ग्रॅमवर खेळायचं असेल तर मी डोळे झाकून हाच सांगेन. वेग बदलायचा तर मुख्यतः स्प्रिंगशी खेळायचं. या जातीत बऱ्याचदा ऑटो-ट्रिगर असतो, म्हणजे ट्रिगर दाबून धरला आणि पंप करत राहिलं की दर ओढीला गोळी सुटते. मजा येते, पण नवीन माणसानं पहिले काही महिने ते विसरून जावं, नाहीतर पंप घेऊन परत सेमी-ऑटोचीच सवय.

दुसरं स्नायपर, ऑटोकॉकर नावाच्या सेमी-ऑटोचं मूळ. वरच्या नळीत बोल्ट, खालच्या नळीत हॅमर आणि व्हॉल्व्ह, पुढं रेग्युलेटर. एम्पायर स्नायपर, सीसीएमचे मार्कर या वंशातले. ओढ लोण्यासारखी, दर गोळीचा वेग एकसारखा, बॅरलचे पर्याय भरपूर. पण टायमिंग बिघडलं, म्हणजे पंप रॉड आणि सीअर (हॅमर अडकवून धरणारा खटका) यांचं माप हललं, की एक तर कॉक होत नाही नाहीतर बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आत गोळी सुटते. हात चालवायची आवड असेल, ॲलन की घेऊन तासभर बसायची तयारी असेल, तर घ्या, जन्मभर पुरेल. नसेल तर पहिला म्हणून नको.

या दोन्हीत न बसणारा, बजेटमधला पर्याय म्हणजे अझोडिनचा काओस पंप आणि त्याचे केपी भाऊ, साध्या ब्लोबॅक (गोळीच्या गॅसनंच परत कॉक होणाऱ्या) सेमी-ऑटोचं अंग घेऊन पंप केलेला. दिसायला काही खास नाही, पण दणकट, हॉपर (वर बसणारा बॉलचा डबा) आणि बाटली लावून सुरू. हवा भरायची सोय असलेल्या नवख्याला माझं पहिलं उत्तर हेच.

म्हणजे बघा, गॅस ठरला की मार्कर जवळपास ठरलाच. फक्त कार्ट्रिज मिळणार असतील तर फँटमसारखा नेल्सन, हवेची कायमची सोय असेल तर काओस पंप किंवा स्नायपर.

स्टॉक क्लासचं (पंपच्या जुन्या पद्धतीच्या खेळाचं) भूत पण डोक्यात असतं. 12 ग्रॅम कार्ट्रिज, बॅरलला समांतर आडवी फीड नळी, दहा बॉलची ट्यूब, आणि दर गोळीला मार्कर पुढं झुकवून बॉल आत सरकवायचा. खेळातलं सगळ्यात सुंदर रूप हेच, माझं स्पष्ट मत. पण तुमच्या ग्रुपमध्ये बाकी सगळे भाड्याचे सेमी-ऑटो घेऊन असतील तर सुरुवातीला साधा ग्रॅव्हिटी हॉपर लावता येईल असाच घ्या, पंपला मोटरवाल्या हॉपरची गरज नसते. फँटमला दोन्ही प्रकारच्या बॉडी मिळतात, घेताना नीट विचारा.

बॅरल आणि बॉल यावर थोडा वेळ द्याच. पंपचा बोल्ट बंद असतो आणि बॉल आधीच बॅरलच्या तोंडाशी येऊन बसलेला असतो, बॅरल सैल असलं आणि तुम्ही खाली नेम धरला तर बॉल घरंगळून पुढं जातो, मग ट्रिगर दाबला की फुस्स. तपासायला सोपं आहे, बॅरल काढून मागच्या बाजूनं बॉल टाका. आपोआप आरपार गेला तर सैल, जोरात फुंकूनही हलत नाही तर घट्ट, थांबला आणि हलक्या फुंकरीनं निघाला तर बरोबर. म्हणून .679 पासून .689 इंचापर्यंतचे इन्सर्ट (बॅरलच्या आत बसणाऱ्या नळ्या) बदलता येणारं बॅरल असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी द्या, कारण इथं मैदानावर जे बॉल मिळतील तेच वापरावे लागतात, निवड आपल्या हातात नसते. त्यात बॉलचं कवच जिलेटिनचं, पावसाळ्यात ओल धरून फुगतं, मे महिन्यात मऊ पडतं. पिशवी घट्ट बंद, सावलीत, अधूनमधून उलटी करून ठेवा. फ्रीजमध्ये नको. बॅरलचे आटे ऑटोकॉकरचे असले तर उद्या दुसरं बॅरल मिळणं सोपं जातं.

सेकंडहँड घेणार असाल, आणि बहुतेक जण तेच घेतात, तर फोटोवर पैसे पाठवू नका. हातात घ्या. गॉगल घालून, बॉल न भरता गॅस लावा आणि ऐका. बाटलीच्या जोडापाशी सूं आवाज येत असेल तर घाबरू नका, तिथली 015 मापाची ओ-रिंग बदलली की झालं, युरेथेनची घ्या, साधी रबरी सीओटूत फुगते. पण बॅरलमधून हवा गळत असेल तर आतला कप सील (व्हॉल्व्ह बंद ठेवणारं सील) गेलाय, किंमत कमी करा किंवा सोडून द्या. कॉक करून मागच्या बाजूला तळहातानं थाप मारा, आपोआप सुटला तर सीअर झिजलाय, तो मार्कर घ्यायचाच नाही, कितीही स्वस्त असू दे. हँडल डावी-उजवीकडे डगडगतंय का, पंप रॉड वाकलाय का, पाहा. आणि विचारा की सील, स्प्रिंग कुठं मिळतात. मालकाला तेच माहीत नसेल तर तुम्हालाही मिळणार नाहीत असं समजा. एखादा पिन किंवा रॉड भोसरीत लेथवर करून मिळतोही, पण दाब सहन करणारा कुठलाही पार्ट, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, बाटलीचा नळ, असा बनवून घ्यायचा नाही.

घ्यायच्या आधी खांद्याला लावून वीस-तीस वेळा रिकामा पंप करून बघा. हात पूर्ण लांब न करता ओढ संपली पाहिजे. हँडल फार पुढं असेल तर खेळताना तुम्ही अर्धीच ओढ घ्याल, आणि अर्ध्या ओढीत बॉल चिरडतो किंवा दोन जातात. डावखुरे असाल तर फीड कुठल्या बाजूला आहे आणि नेम धरताना तो डोळ्यासमोर येतो का तेही बघून घ्या.

पहिल्या दिवशी क्रोनोवर जाऊन आठ-दहा गोळ्या मोजा, आकडे एकमेकांच्या जवळ असले की झालं, 270-280 ला सेट करा, जवळून खेळायच्या छोट्या मैदानावर 250 च्या खाली आणा, आणि जाताना सुट्या ओ-रिंगची एक पुडी, ॲलन की चा सेट, बॅरल पुसायला स्क्वीजी आणि सुका पंचा बॅगेत टाका.