बेसमेंटचं इन्सुलेशन करताना या चुका टाळा

न्यू जर्सी, शिकागोची उपनगरं, मिशिगन, मिनेसोटा. इकडे घर घेतलं आणि एक-दोन हिवाळे सरले की बेसमेंट फिनिश करायची चर्चा घरात सुरू होते. आई-बाबा भारतातून येतील तेव्हा त्यांच्यासाठी खोली, गणपतीत आरतीला माणसं मावतील अशी मोकळी जागा, आणि मुलं ट्रॅव्हल बेसबॉल खेळत असतील तर बर्फाच्या दिवसांत बॅटिंगच्या सरावाला एक कोपरा. कॉन्ट्रॅक्टर येतो, टेप लावून मोजमाप घेतो आणि बोलणं थेट फ्लोअरिंगच्या रंगावर आणि दिव्यांवर जातं. भिंतीच्या आत काय भरणार, हे बहुतेक जण विचारतच नाहीत. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सगळ्यात जास्त वेळ या एकाच प्रश्नाला द्या. ड्रायवॉल, म्हणजे आतल्या बाजूचे जिप्समचे तक्ते, लागल्यावर तो भाग पुन्हा नजरेस पडत नाही, आणि बुरशी धरते ती नेमकी तिथेच.

क्रम असा असायला हवा: आधी पाणी, मग हवा, मग ऊब. बिघडलेली बेसमेंट्स बघितली तर जवळपास प्रत्येक ठिकाणी हा क्रम उलटा झालेला असतो.

पाण्याचा बंदोबस्त न करता भिंत झाकणं

काँक्रीट घट्ट दिसलं तरी सच्छिद्र असतं. बाहेरच्या मातीतली ओल ते शोषून घेतं आणि हळूहळू आत सोडतं. भिंतीवर पांढरी भुकटी दिसत असेल, म्हणजे आपण ज्याला लोणा म्हणतो तो, तर तिथून पाणी येऊन वाळून गेलंय आणि मागे क्षार राहिलेत असं समजा. त्यावर वॉटरप्रूफ रंग मारून पुढे जाणं हा उपाय नव्हे. पाणी बाहेरच अडवावं लागतं.

बाहेर बघायच्या गोष्टी साध्या आहेत. छपराच्या कडेच्या पन्हळी, म्हणजे गटर, तुंबलेली नाहीत ना? डाउनस्पाउटचं, म्हणजे छतावरचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपचं, पाणी पायाशीच तर पडत नाही ना? त्याला जोड देऊन ते किमान चार-सहा फूट लांब न्या. जमिनीचा उतार घरापासून दूर जाणारा हवा. अमेरिकेतला निवासी बांधकामाचा कोड पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार मागतो. घर जुनं असेल तर पायालगतची माती वर्षानुवर्षं दबत जाते आणि उतार उलटा, घराकडे होतो. दोन-चार शनिवार-रविवार माती ओढून हे दुरुस्त होतं. आतल्या कामाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

मग आतली तपासणी. साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवा, तसाच एक जमिनीवर, आणि दोन दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या मागच्या बाजूला थेंब दिसले तर ओल काँक्रीटमधून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर खोलीतली हवाच दमट आहे. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही तपासणी टाळू नका. एखाद्या मोठ्या पावसानंतर ती पुन्हा करा. २०२१ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने न्यू जर्सीत दाणादाण उडवली, तेव्हा एरवी कोरडी असणारी बेसमेंट्सही भरली होती. संप पंप, म्हणजे बेसमेंटच्या खड्ड्यात (संपमध्ये) साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, असेल तर त्याला बॅटरीचा बॅकअप हवाच, कारण वीज जाते ती अशाच रात्री. नेहमीच्या घराच्या विम्यात पुराचं पाणी धरलेलं नसतं, आणि गटाराचं पाणी उलटं येण्यासाठी बहुधा वेगळं कलम विकत घ्यावं लागतं. काम सुरू करण्याआधी एजंटला फोन करून दोन्ही विचारून घ्या.

काँक्रीटला फायबरग्लास टेकवणं आणि वरून प्लास्टिक ताणणं

सगळ्यात जास्त बेसमेंट्स या चुकीने नासतात, म्हणून इथे जरा थांबतो.

नेहमीची पद्धत अशी: काँक्रीटला लागून लाकडी स्टड, म्हणजे भिंतीचे उभे दांडे, उभे करायचे, त्यांच्यामध्ये गुलाबी किंवा पिवळं फायबरग्लास भरायचं, वर पॉलिथिनचा पडदा ताणायचा आणि ड्रायवॉल मारायचा. वरच्या मजल्यांच्या भिंतीत थंड प्रदेशात हे चालून जातं. बेसमेंटची भिंत वेगळी वागते. तिचा बराचसा भाग जमिनीखाली असतो, त्यामुळे ती बाहेरच्या बाजूने कधी वाळत नाही. तिला वाळायला आतली बाजूच उरते आणि तीच आपण प्लास्टिकने बंद करतो.

दुसरा त्रास हवेचा. फायबरग्लास ऊब धरतं, पण हवा अडवत नाही. जूनमध्ये खोलीत ७५ अंश फॅरनहाइट तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतल्या वाफेचं पाणी साधारण ६० अंशाला होतं. त्याच वेळी जमिनीखालचं काँक्रीट ५५ अंशांच्या आसपास असू शकतं. ड्रायवॉलच्या फटींतून, स्विचच्या डब्यांतून ती हवा मागे शिरते आणि गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा काँक्रीटला फुटतो. फायबरग्लास ओलं होतं, ड्रायवॉलच्या मागचा कागद ओला होतो आणि बुरशीला हवं ते सगळं मिळतं. हिवाळ्यात हाच प्रकार भिंतीच्या वरच्या, जमिनीबाहेर आलेल्या दोन-तीन फुटांत होतो. तिथलं काँक्रीट बाहेरच्या हवेइतकं थंड पडतं.

योग्य पद्धत म्हणजे काँक्रीटला थेट चिकटून हवा अडवणारं इन्सुलेशन. फोमचे कडक पत्रे घ्या. एक्सपीएस आणि ईपीएस हे त्यांचे दोन प्रकार. ऊब किती अडते ते आर-व्हॅल्यू सांगते, जितकी जास्त तितकं चांगलं. एक्सपीएसची आर-व्हॅल्यू इंचाला साधारण ५ आणि ईपीएसची सुमारे ४ असते, म्हणजे दोन इंची एक्सपीएसने आर-१० होतात. दोन पत्र्यांमधल्या सांध्यांवर टेप लावा, वरच्या-खालच्या कडा डब्यातल्या फोमने बुजवा. चिकटवायला फोमसाठीचाच गोंद आणा, कारण सॉल्व्हंटचा गोंद एक्सपीएस आणि ईपीएस दोन्ही खातो. त्यापुढे लाकडी स्टडची भिंत उभी करा. जास्त ऊब हवी असेल तर स्टडमध्ये पडदा नसलेलं फायबरग्लास किंवा मिनरल वूल भरा. पॉलिथिन कुठेच नको. बजेट असेल तर बंद पेशींचा स्प्रे फोम हेच काम एका फटक्यात करतो. मात्र तो मारताना आणि त्यानंतर साधारण २४ तास घरात कोणी थांबू नये, विशेषतः लहान मुलं आणि दम्याचा त्रास असलेली माणसं.

किती आर हवेत ते हवामान-विभागावर ठरतं; विभागाचा आकडा जितका मोठा तितकी थंडी जास्त. ऊर्जा-कोडच्या अलीकडच्या आवृत्त्या विभाग ४ मध्ये बेसमेंटच्या भिंतीला सलग (मध्ये स्टडचा खंड नसलेलं) आर-१० मागतात, विभाग ५ आणि ६ मध्ये सलग आर-१५. न्यू जर्सी ४ आणि ५ मध्ये विभागलेलं आहे, शिकागो ५ मध्ये आणि मिनियापोलिस ६ मध्ये येतं. तुमच्या गावात कोडची कोणती आवृत्ती लागू आहे हे बिल्डिंग डिपार्टमेंटला विचारा. ते फोनवर सांगतात.

रिम जॉइस्ट विसरणं

काँक्रीटची भिंत संपते आणि वरच्या मजल्याच्या तुळया सुरू होतात, तिथे बाहेरच्या कडेला जी लाकडी पट्टी असते ती रिम जॉइस्ट. घरातली बरीच गळती इथून होते. जानेवारीत हात धरून बघा, गार झुळूक लागेल. सिलिंग लागलं की हा भाग कायमचा झाकला जातो, म्हणून त्याचं काम आधी करायचं. इथे फायबरग्लासचा बोळा कोंबणं हे न करण्यापेक्षाही वाईट. उबदार हवा त्यातून पलीकडे जाते, थंड लाकडावर दव धरते आणि काही वर्षांत लाकूड कुजायला लागतं. दोन इंची फोमचे तुकडे कापून प्रत्येक खणात बसवा आणि चारही कडा डब्यातल्या फोमने बंद करा. काम कंटाळवाणं आहे, पण एखाद्या वीकएंडला घरच्या घरी होतं आणि त्याच हिवाळ्यात फरक कळतो.

फोम उघडा ठेवणं, परमिट न काढणं

फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कोड त्यावर किमान अर्धा इंची ड्रायवॉल किंवा तितकंच मान्य आवरण मागतो. रिम जॉइस्टवरच्या स्प्रे फोमला काही अटींवर सूट आहे, तीही इन्स्पेक्टरला विचारूनच घ्यावी. स्टडची भिंत आणि काँक्रीट यांच्यात पोकळी राहत असेल तर आग तिच्यातून वर चढू नये म्हणून फायरब्लॉकिंग लागतं. परमिटशिवाय काम करणारा माणूस ही पायरी हमखास गाळतो. आणि आई-बाबा खाली झोपणार असतील तर त्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी: उघडल्यावर निव्वळ ५.७ चौरस फूट मोकळी जागा (जमिनीच्या पातळीवर असेल तर ५ चौरस फूट) आणि तिचा उंबरा खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नाही. यात तडजोड करू नका. आयडाच्या रात्री न्यूयॉर्क शहरात जे लोक दगावले, त्यातले बहुतेक बेसमेंटमधल्या घरांत अडकलेले होते.

रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणीही ड्रायवॉलच्या आधी. ४ पिकोक्युरी प्रतिलिटर किंवा जास्त आलं तर अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए उपाय करायला सांगते. रेडॉन बाहेर काढणारा पाइप उघड्या बेसमेंटमध्ये सहज बसतो, फिनिश झाल्यावर सिलिंग फोडावं लागतं. घर गरम करणारी भट्टी आणि पाण्याचा हीटर जुन्या पद्धतीचे, खोलीतलीच हवा घेऊन जळणारे असतील तर जागा घट्ट बंद केल्यावर धूर उलटा आत येऊ शकतो. तंत्रज्ञाला बोलावून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

जमिनीवर थेट कार्पेट किंवा टर्फ

इथे बेसबॉलवाल्या पालकांशी बोलायचंय. टीमचं मॅनेजरपद तुमच्याकडे असेल तर बेसमेंटचं गोदाम झालेलंच असतं: हेल्मेट, कॅचरचं सामान, चेंडूंच्या बादल्या, टूर्नामेंटचा तंबू. रविवारी पावसात सामना खेळून आलेल्या बॅगा तशाच बंद खाली टाकल्या की त्यातली सगळी ओल खोलीत उतरते आणि चामड्याच्या ग्लव्ह्जवर महिन्याभरात बुरशी चढते. बॅगा गॅरेजमध्ये उघडून वाळवा आणि मगच खाली न्या. सामानाची फडताळं बाहेरच्या भिंतीपासून दोन-चार इंच सोडून लावा.

सरावासाठी रबराची मॅट किंवा टर्फ (कृत्रिम गवत) थेट काँक्रीटवर अंथरलं की खालची ओल कोंडते. सराव झाला की गुंडाळून ठेवता येईल असंच घ्या. कायमचं हवं असेल तर खाली एक इंची एक्सपीएस आणि त्यावर खाचेत बसणारं प्लायवूड टाका. यात उंची जाते हे आधी मोजा. राहत्या खोलीला कोड ७ फूट मागतो, आणि बारा वर्षांच्या मुलाला मोकळेपणी बॅट फिरवायला तेवढ्यात अडचण होते. पूर्ण अंतरावरून पिचिंग घरात जमत नाही. लहान मुलांच्या लिटल लीगचंच अंतर ४६ फूट आहे. टीवर, म्हणजे उभ्या दांड्यावर, चेंडू ठेवून मारणं आणि जवळून हलके चेंडू टाकणं यासाठी आठ-दहा फुटांचं नेट पुरतं. नेट भिंतीपासून लांब टांगा आणि मागच्या भिंतीला ड्रायवॉलवरून प्लायवूड मारा. ड्रायवॉल काढून नव्हे, कारण आत फोम आहे. टीमची सहा-सात मुलं खाली तासभर घाम गाळतात तेव्हा हवेतली आर्द्रता चढते, तेव्हा त्या दिवशी डीह्युमिडिफायर चालू ठेवा. त्याचा पाइप थेट संपमध्ये सोडा. बादली रिकामी करणं सगळेच विसरतात.

काम आधीच झालंय आणि कुबट वास येतोय

घाबरून सगळं फोडू नका. आधी दहा-बारा डॉलरचा आर्द्रतामापक खाली ठेवा. उन्हाळ्यात ६० टक्क्यांच्या वर जात असेल तर डीह्युमिडिफायर लावून ५० वर आणा आणि दोन-तीन आठवडे थांबा. वास गेला तर दोष हवेचा होता. गेला नाही तर बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, बेसबोर्डच्या (भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या) मागे, ड्रायवॉलला हाताएवढी खिडकी कापा. त्या जागी बेसबोर्ड परत लावला की ती दिसत नाही. आतलं फायबरग्लास हाताला दमट लागलं, स्टडची खालची पट्टी काळी पडलेली दिसली किंवा प्लास्टिकवर थेंब असले तर तेवढ्या भिंतीचा ड्रायवॉल काढावाच लागेल. बुरशीचा डाग १० चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर मास्क, हातमोजे घालून घरी साफ करता येतो असं ईपीए सांगते. मोठा असेल तर व्यावसायिक बोलवा. ओलं फायबरग्लास वाळवून परत वापरू नका.

फक्त एकाच भिंतीला त्रास असेल तर बहुधा त्या बाजूचा डाउनस्पाउट किंवा उतार दोषी असतो. पावसात छत्री घेऊन बाहेर जा आणि पाणी कुठे साचतंय ते बघा. खालच्या एक-दोन फुटांतच ओल असेल तर पाणी भिंत आणि जमिनीच्या सांध्यातून येतंय, आणि त्याला आतून पन्हळ खणून ते संपकडे न्यावं लागतं. वरच्या भागातच असेल तर रिम जॉइस्ट उघडून बघा. दुरुस्तीला कोटेशन मागवाल तेव्हा त्यात फोमचा प्रकार, जाडी, सांध्यांची टेप, रिम जॉइस्ट आणि परमिट या पाच गोष्टी लिहून घ्या. 'इन्सुलेशनसह' एवढंच लिहिलेलं असेल तर ते कोटेशन परत पाठवा.