सिम लीगच्या ड्राफ्टआधी नवख्या डिफेन्सिव्ह एन्डची यादी कशी लावावी

ड्राफ्टचं पान उघडलं की डिफेन्सिव्ह एन्डच्या रकान्यात ढीगभर नावं येतात आणि प्रत्येकापुढे एक ठसठशीत आकडा असतो, एकूण रेटिंगचा. बहुतेक जण त्या आकड्यानं यादी उतरती लावतात आणि काम संपलं असं समजतात. बाकीच्या जागांवर हे कदाचित खपून जाईल, पण या जागेवर तो आकडा फोडून आत काय आहे ते पाहायलाच हवं.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात. सिम लीग म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉलची संगणकावरची लीग. तिच्यात सामने संगणक खेळवतो आणि आपण संघाचं व्यवस्थापन करतो. मॅडन या व्हिडिओ गेमच्या फ्रँचायझी प्रकारात किंवा फ्रंट ऑफिस फुटबॉलसारख्या निव्वळ आकड्यांच्या गेममध्ये एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे ३२ संघ वेगवेगळ्या माणसांनी वाटून घेतलेले असतात आणि दर हंगामाआधी सात फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात. डिफेन्सिव्ह एन्ड म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीत अगदी कडेला उभा राहणारा गडी. समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यानं, चेंडू फेकायच्या आत त्याच्यापर्यंत पोचायचं, आणि चेंडू घेऊन पळणारा कडेनं निसटू पाहील तेव्हा ती कड सोडायची नाही, ही त्याची दोन कामं. दोन्ही सारखीच उत्तम करणारे फार थोडे. म्हणून क्रमवारी लावणं अवघड, आणि म्हणूनच ती मन लावून करावी.

१. आधी काम ठरवा, मग माणूस

तुमचा संघ बचावात ४-३ खेळतो की ३-४ (पहिला आकडा पुढच्या फळीतल्यांचा, दुसरा त्यांच्यामागच्या लाइनबॅकरांचा), हे यादी उघडण्याआधी कागदावर लिहा. ४-३ मध्ये पुढच्या फळीत चौघे असतात. त्यातला एन्ड साधारण २५० ते २७५ पौंडांचा, म्हणजे ११३ ते १२५ किलोंचा, आणि त्याची मुख्य भाकरी क्वार्टरबॅकवर धावून जाण्याची. ३-४ मध्ये फळीत तिघेच. तिथला एन्ड बऱ्याचदा १३० किलोंच्या आसपासचा असतो आणि दोन-दोन अडवणाऱ्यांना अंगावर घेऊन मागच्या लाइनबॅकरना वाट मोकळी करून देतो. त्याच्या नावावर सॅक (चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) कमीच दिसणार. जे. जे. वॅटनं ३-४ मध्ये एन्ड खेळत २०१२ आणि २०१४ मध्ये प्रत्येकी २०.५ सॅक काढले, पण तो अपवाद. त्याच्याकडे बघून यादी लावू नका.

ही चाळणी लावली की अर्धी नावं आपोआप गळतात. ३-४ वाल्यांनी आउटसाइड, म्हणजे कडेच्या, लाइनबॅकरची यादीही उघडायलाच हवी, कारण त्यांचे क्वार्टरबॅकवर धावणारे गडी तिथे असतात. टी. जे. वॅट त्याच जागेवर खेळतो. ४-३ वाल्यांनीही तिथे डोकावावं. वजनदार लाइनबॅकरला फळीत आणून एन्ड करता येतं, आणि जागेचं नाव बदलल्यामुळे तो इतरांच्या नजरेतून सुटलेला असतो.

२. रेटिंग फोडा

एकूण रेटिंग ही बेरीज असते, आणि कुठल्या गुणाला किती वजन द्यायचं हे गेम बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं, तुम्ही नाही. मॅडनमध्ये पॉवर मूव्ह (ताकदीनं रेटून जाण्याचा डाव), फिनेस मूव्ह (चपळाईनं चकवण्याचा डाव), ब्लॉक शेडिंग (अडवणाऱ्याला झटकणं), प्ले रेकग्निशन (समोरच्यांचा डाव ओळखणं), परस्यूट (पाठलाग), ताकद, वेग आणि अॅक्सिलरेशन असे गुण वेगवेगळे दिसतात. समजा, दोन एन्ड आहेत आणि दोघांचं रेटिंग ७२. एकाची ब्लॉक शेडिंग आणि ताकद उत्तम, पण धावून जाण्याचे दोन्ही डाव बेताचे. दुसऱ्याचा फिनेस मूव्ह नजरेत भरणारा, ताकद मात्र कच्ची. पहिला पहिल्या दिवसापासून पळणाऱ्याला रोखेल आणि तेवढंच करत राहील. दुसरा पहिला हंगाम चाचपडेल, पण ताकद वाढली की सामना फिरवेल. यादीत मात्र दोघे शेजारी-शेजारी बसलेले असतात.

एक स्प्रेडशीट करा. गुणांचे रकाने स्वतः भरा आणि वजन स्वतः द्या. ४-३ साठी मी शंभरातले ४५ धावून जाण्याच्या डावांना आणि पहिल्या झेपेला देतो, २० ब्लॉक शेडिंगला, १५ शरीराच्या मापांना आणि उरलेले २० वय, वाढीची शक्यता आणि दुखापतींना. हे माझे आकडे, तुमचे वेगळे असू देत. पण एकदा ठरवल्यावर एखाद्या लाडक्या खेळाडूसाठी ते बदलू नका. आणखी एक गोष्ट मी पाळतो. दोन्ही डाव मध्यम असणाऱ्यापेक्षा एकच डाव धारदार असणारा मी वर ठेवतो, कारण मध्यम डावाला चांगला टॅकल (समोरच्या संघाचा कडेचा अडवणारा) सहज पुरून उरतो.

३. कंबाइनचे आकडे कसे वाचायचे

इथे घाई करू नका. दरवर्षी इंडियानापोलिसला होणाऱ्या कंबाइनमध्ये कॉलेजच्या खेळाडूंची मापं आणि चाचण्या घेतल्या जातात, आणि चांगल्या सिम गेममध्येही त्याच चाचण्यांचे आकडे मिळतात. सगळ्यांचं लक्ष ४० यार्डांच्या धावेवर. पण एन्ड सामन्यात ४० यार्ड सरळ धावतो कधी? क्वार्टरबॅक त्याच्यापासून सात-आठ यार्डांवर असतो. म्हणून त्या धावेतले पहिले १० यार्ड पाहा. गेम तो आकडा देत नसेल तर ब्रॉड जंप (जागेवरून लांब उडी) आणि व्हर्टिकल जंप (जागेवरून उंच उडी) पाहा, पायातला स्फोट तिथे कळतो.

दुसरी मोलाची चाचणी थ्री-कोन. इंग्रजी एलच्या आकारात पाच-पाच यार्डांवर तीन शंकू ठेवतात आणि खेळाडू त्यांना वळसे घालत धावतो. खो-खो खेळलेल्याला हे लगेच कळेल. खांबाला वळसा घालताना वेग न तोडता अंग आत झुकवणारा खेळाडू आठवा. एन्डनं टॅकलच्या बाहेरून क्वार्टरबॅककडे वळायचं ते अगदी तसंच. खांदा खाली, पाय बाहेर आणि वेग कायम. ज्याला ते जमत नाही तो क्वार्टरबॅकच्या मागून सरळ निघून जातो. सात सेकंदांच्या आतला थ्री-कोन या वजनाच्या माणसासाठी फार चांगला. मॅक्स क्रॉस्बी ईस्टर्न मिशिगनसारख्या छोट्या संघातून आला आणि २०१९ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीपर्यंत थांबून १०६ वा निवडला गेला. त्याचा थ्री-कोन ६.८९ होता. पहिल्याच हंगामात त्यानं १० सॅक काढले.

प्रत्येक आकडा वजनासोबत वाचा. १२३ किलोंच्या माइल्स गॅरेटनं ४० यार्ड ४.६४ सेकंदांत कापले आणि ४१ इंच उंच उडी मारली. तो २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला यात नवल नाही. तोच ४.६४ शंभर किलोंच्या माणसानं काढला तर त्याचं मोल निम्मंही नाही.

बेंच प्रेसनं मात्र भुलू नका. २२५ पौंड, म्हणजे १०२ किलो, किती वेळा उचलले याची ती मोजणी. व्हर्नन घोल्स्टननं ते ३७ वेळा उचलले, धावलाही वेगानं आणि २००८ मध्ये सहाव्या क्रमांकावर जेट्स संघाकडे गेला. तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही. हातांची लांबी त्यापेक्षा जास्त उपयोगी, कारण आधी कोणाचा हात कोणाच्या छातीला लागतो यावर झटापट ठरते.

४. कॉलेजमधली कामगिरी आणि वय एकत्र पाहा

हे दोन रकाने सुटे वाचले की फसगत होते. डॅनिएल हंटरला एलएसयू या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षी जेमतेम दीड सॅक मिळाला होता. पण ड्राफ्टच्या वेळी तो वीस वर्षांचा होता आणि शरीर असामान्य. २०१५ मध्ये तिसऱ्या फेरीत ८८ व्या क्रमांकावर व्हायकिंग्सनं त्याला घेतलं, आणि २०१८ व २०१९ या दोन्ही हंगामांत त्यानं १४.५ सॅक काढले. उलट जार्व्हिस जोन्सनं जॉर्जियाकडून २०१२ मध्ये १४.५ सॅक काढले होते. ४० यार्डांना मात्र त्याला ४.९ सेकंदांच्या आसपास वेळ लागला. स्टीलर्सनं त्याला १७ व्या क्रमांकावर घेतलं आणि चार हंगामांत त्याला सहाच सॅक मिळाले.

मग संथ धावणारा वाईटच का? नाही. टेरेल सग्जही संथ धावला होता, पण त्यानं २००२ मध्ये ॲरिझोना स्टेटकडून एका हंगामात २४ सॅकचा विक्रम केला होता. रेव्हन्सनं त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि तो १३९ सॅक करून निवृत्त झाला. म्हणून माझा नियम असा: शरीर आणि कामगिरी यांतलं एक तरी खणखणीत हवं, आणि दुसरं कच्चं असेल तर वय कमी हवं. तेविशी उलटलेला, मापं साधारण आणि सॅकही साधारण, असा खेळाडू रेटिंग कितीही असो, खाली जातो.

सॅक मोजताना दबावही मोजा, गेम ती नोंद ठेवत असेल तर. सॅकमध्ये नशिबाचा वाटा मोठा असतो. जॅरेड व्हर्सला २०२४ मध्ये साडेचारच सॅक मिळाले, तरी तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा बचावपटू ठरला, कारण क्वार्टरबॅकला तो सतत पळवत होता.

५. तुमच्याच लीगचे जुने ड्राफ्ट काढा

वर सांगितलं ते खऱ्या खेळाचं. तुमच्या लीगचं इंजिन त्यातलं काय मानतं हे वेगळंच. काल्पनिक खेळाडूंच्या लीगमध्ये कॉलेजचे आकडे कधी कधी निव्वळ सजावट असतात. म्हणून मागचे तीन-चार ड्राफ्ट काढा, त्या वेळचे एन्डचे कंबाइनचे आकडे एका रकान्यात आणि त्यांची आजची रेटिंग शेजारच्या रकान्यात लिहा. कुठल्या चाचणीचा आजच्या रेटिंगशी मेळ बसतो आणि कुठलीचा नाही, हे तासाभरात दिसायला लागतं. आमच्या लीगमध्ये मी पहिल्या वर्षी हे न करता बेंच प्रेसवर भिस्त ठेवली आणि पहिल्या फेरीची निवड घालवली. तेव्हापासून हे काम मी आधी करतो, मग नावं वाचतो.

खऱ्या ड्राफ्टवर सराव करायचा असेल तर २०२२ चा घ्या. जॉर्जियाचा ट्रॅव्हॉन वॉकर १२३ किलोंचा, साडेपस्तीस इंच लांब हातांचा, ४.५१ सेकंदांत ४० यार्ड धावलेला. संपूर्ण कॉलेजात मात्र साडेनऊच सॅक. मिशिगनच्या एडन हचिन्सनचे हात सव्वाबत्तीस इंचांचेही नाहीत आणि धावही ४.७४, पण थ्री-कोन ६.७३ आणि एकाच हंगामात १४ सॅक. वॉकर पहिला गेला, हचिन्सन दुसरा. पहिल्या हंगामात हचिन्सनला साडेनऊ सॅक आणि वॉकरला साडेतीन. पुढच्या दोन हंगामांत वॉकरनं १० आणि १०.५ काढले. म्हणजे तोही वाया गेला नाही, उशिरा पिकला. तुमचे गुण लावून पाहा, दोघांतला कोण वर येतो ते. वॉकर वर आला तर तुम्ही वाढीच्या शक्यतेला जास्त वजन दिलंय. चुकीचं नाही, फक्त वाट पाहायची तयारी हवी.

६. धुकं आणि दुखापत

स्काउटनं, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्यानं, दिलेला आकडा अंदाज असतो, धुक्यातून पाहिल्यासारखा. ७५ दिसलं तर खरं ७० ते ८० मध्ये कुठेतरी, असं धरून चाला आणि जिथे ही पट्टी रुंद वाटते तिथे उरलेले स्काउटिंगचे तास खर्च करा. यादीच्या तोंडाशी असलेल्या नावावर तास घालवण्यात अर्थ नाही, तो तुमच्यापर्यंत येणारच नाही. मधल्या फेऱ्यांतली पाच-सहा नावं खोल तपासा.

दुखापतीचा इतिहास दिसत असेल तर गुण कापा, नाव खोडू नका. लायातू लातूला मानेच्या दुखापतीमुळे वॉशिंग्टन विद्यापीठात असताना खेळ सोडावा लागला होता. तो यूसीएलए या कॉलेजकडून परतला आणि २०२४ मध्ये त्या ड्राफ्टमधला पहिला बचावपटू म्हणून १५ व्या क्रमांकावर निवडला गेला.

७. क्रमांक नको, गट करा

आता बेरीज झाली. सातवा आणि आठवा यांच्यात अर्ध्या गुणाचा फरक असेल तर तो फरक नाहीच. जिथे बेरजेत मोठी खाच दिसते तिथे रेघ मारा. पहिल्या दिवसापासून सुरुवात करणारे, दोन वर्षांत तयार होणारे, फक्त तिसऱ्या डाउनला (चार संधींपैकी तिसरी, तेव्हा बहुधा चेंडू फेकतात) उतरवायचे, आणि शेवटच्या फेरीची जुगारी नावं, असे चार-पाच गट पडतात. तुमची पाळी आली आणि त्या गटात चौघे शिल्लक असतील तर थांबा, दुसऱ्या संघाशी सौदा करून निवड मागे सरकवा आणि वर काहीतरी कमवा. एकच उरला असेल तर पुढे सरका.

सौद्यात किती द्यायचं यासाठी बऱ्याच लीगमध्ये एनएफएलचे जुने प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांचा, प्रत्येक निवडीचं मोल सांगणारा तक्ता वापरतात. त्यात पहिल्या निवडीला ३००० गुण, सोळाव्या निवडीला १००० आणि बत्तिसाव्या निवडीला ५९०. हंटरसारखा कोवळा खेळाडू घ्यायचा विचार असेल तर करारही पाहा. एनएफएलच्या नियमानं करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा पर्याय संघाला फक्त पहिल्या फेरीच्या निवडींबाबत मिळतो. उशिरा पिकणाऱ्याला ते एक जादा वर्ष फार उपयोगी पडतं, म्हणून ३३ व्यापेक्षा ३२ व्या, म्हणजे पहिल्या फेरीच्या शेवटच्या, क्रमांकावर त्याला घेणं कधी कधी शहाणपणाचं.

८. ड्राफ्टची रात्र

लीग अमेरिकन वेळेवर चालत असेल तर न्यू यॉर्कची रात्रीची आठची वेळ उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेची साडेपाच असते. जागं राहणं जमणार नसेल तर यादी गेममध्ये भरून ठेवा. मात्र गटांची यादी ऑटोपिकला (तुमच्या गैरहजेरीत निवड करणाऱ्या गेमला) कळत नाही, तो सरळ वरचं नाव उचलतो. म्हणून प्रत्येक गटात खात्रीचे वर आणि जुगारी खाली असा क्रम लावा, इतर जागांची नावं मध्ये पेरा आणि दोन एन्ड घेऊन झाले की तिसरा उचलला जाणार नाही अशी मर्यादा गेममध्ये असेल तर ती घाला. कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, आधी सांगून ठेवा की सौद्याचा प्रस्ताव आला तर कुठल्या वेळेपर्यंत तुमचा निरोप मिळेल.