कासच्या धुक्यात फोटो काळपट येत होते, त्यावरचा उपाय

पावसाळा सरताना घरच्यांना घेऊन साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला गेलं की धुकं हमखास असतं, आणि फोटो सगळे मळकट. तेरड्याचा गुलाबी रंग मेलेला, आईचा चेहरा काळपट.

कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं धरतो. धुकं उजळ दिसलं की तो प्रकाश कापतो. म्हणून मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरच्या अंदाजापेक्षा उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ वर नेलं. धुकं पांढरंशुभ्र, चेहरे स्वच्छ! मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह वर सरकवा, काम होतं. बाबांनी तेवढंच केलं आणि नातवाचा फार सुंदर फोटो काढला.

ठोसेघरला मात्र उलटं. काळ्या कातळामुळे मीटर जास्त प्रकाश घेतो, धबधब्याच्या धारा जळतात, म्हणजे नुसत्या पांढऱ्याफटक येतात, तिथं तीच सेटिंग −०.७ ठेवा.